बचत गट की मायक्रोफायनान्स?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, म्हणजे हर्णै काय नि मालवण काय, मासळी विकणाऱ्या बायकांची कमाई ठप्प, पण मायक्रोफायनान्सवाला, म्हणजे बिनतारण छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीचा माणूस, हप्त्याला दारात हजर. पैसे पटकन मिळतात, गहाण काही नाही, मान्य, पण एक कर्ज फेडायला दुसरं काढलं की अडकलातच. आरबीआय म्हणते सगळे हप्ते घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांत हवेत, आता पावसात उत्पन्नच नाही तर ५० टक्के कसले डोंबलाचे!

बचत गटात मीटिंगा, रजिस्टर, आधी बचत, वैताग असतो खरा. पण अंतर्गत कर्जाचं, म्हणजे गटाच्याच बचतीतून दिलेल्या कर्जाचं, व्याज गटातच राहतं आणि पावसाळ्यात सवलत द्यायची का ते बायकाच ठरवतात. अचानक दवाखान्याला मोठी रक्कम लागली तर मात्र नवा गट कमी पडतो. तरी माझं मत गटालाच.