शेवगा पाला अर्क: रब्बी ज्वारीच्या बियाण्यावर एका हंगामाचा वापर

ताज्या शेवग्याच्या पाल्याचा अर्क ज्वारीच्या बियाण्याला खरोखर उपयोगी पडतो, पण ताजा असेल आणि पुरेसा पातळ केला असेल तरच. जुन्या किंवा जरा कमी जोमाच्या बियाण्यात फरक ठळक दिसतो. नव्या, चांगल्या बियाण्यात तो इतका थोडा असतो की एवढी खटपट नाही केली तरी चालेल.

पाला कोवळ्या फांद्यांचा घ्यावा, जून पिवळी पानं नकोत. अर्धा किलो पाल्यात जेमतेम 50 मिली पाणी घालून मिक्सरमधून काढावं. पाटा-वरवंटा असेल तर आणखी बरं, कारण पाणी कमी लागतं. दुहेरी सुती फडक्यातून पिळून घ्यावं. या अर्काचा 1 भाग आणि पाण्याचे 30 भाग, हे प्रमाण पाळावं. एकरी 4 किलो ज्वारीला साधारण साडेचार लिटर द्रावण म्हणजे 150 मिली अर्क पुरतो. पिळल्यापासून चार-पाच तासांत तो वापरून टाकावा. फ्रीजबाहेर रात्रभर ठेवलेला अर्क आंबतो, वास बदलतो, आणि ज्या झिअॅटिनसाठी (वाढीला चालना देणाऱ्या संप्रेरकासाठी) शेवगा घ्यायचा त्याचा भरवसा उरत नाही.

बियाणं 8 ते 10 तास भिजवावं, त्याहून जास्त नाही. पाण्यावर फेस दिसू लागला की दाण्यांना हवा कमी पडते आहे असं समजून लगेच उपसावं. मग सावलीत पातळ पसरून, वजन पुन्हा 4 किलोच्या आसपास येईपर्यंत सुकवावं. हा वजनाचा काटा बहुतेक जण वगळतात आणि ओलसर बियाणं पाभरीत, म्हणजे पेरणीच्या अवजारात, अडकतं. सुकवलेलं बियाणं दोन-चार दिवसांत पेरावं, साठवू नये.

आता खरी गोष्ट. भिजवून सुकवण्याचा बराचसा फायदा साध्या पाण्यानेही मिळतो. म्हणून अर्काला श्रेय देण्याआधी ओल्या गोणपाटावर तीन वाटे करून पाहा: कोरडं बी, पाण्यात भिजवलेलं आणि अर्कात भिजवलेलं, प्रत्येकी 100 दाणे. चौथ्या दिवशी पहिली मोजणी, दहाव्या दिवशी शेवटची. नुसते मोड मोजू नका, मुळाची लांबी पट्टीने मोजा. अर्काचा बरा-वाईट परिणाम मुळावर आधी उमटतो. 1:10 इतका दाट अर्क वापरला तर मोड येतात, उगवणीचा आकडा बरा दिसतो, पण मुळं आखूड राहतात आणि टोकं तपकिरी पडतात. फक्त टक्केवारी लिहिणाऱ्याला हे कळतच नाही.

पाला बदलला की सगळं बदलतं. गाजर गवतात पार्थेनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ते उगवण आणि मुळं दोन्ही दाबतं. निलगिरी आणि घाणेरीचा पालाही बियाण्यासाठी नको. दशपर्णी अर्क किडीसाठी आहे, त्यात बी भिजवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये.

सोयाबीनवर हा प्रयोग अजिबात नको. त्याची साल पातळ असते, एकदम पाणी शिरलं की दाणा फुगून फुटतो आणि डाळिंब्या सुट्या होतात. सोयाबीनला 70 टक्के उगवण प्रमाणित बियाण्याचीही किमान मर्यादा आहे. तिथे गमावण्यासारखं काही शिल्लक नसतं. हरभऱ्याला चार-पाच तास पुरतात, तेही त्याच 1:30 प्रमाणात.

पिशवीतलं रंग लावलेलं बियाणं भिजवू नका. औषध धुऊन जातं आणि ते पाणी विषारी होतं, जनावरांच्या हौदाजवळही ओतू नये. रायझोबियम (उपयुक्त जिवाणू) किंवा ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी) लावायचं असेल तर अर्कात भिजवून सुकवल्यानंतर, पेरणीच्या दिवशीच लावावं.