पडलेली पापणी: आधी थेंब, मग ऑपरेशन – वापरानंतरचा अनुभव

ज्यांना लांबलचक वाचायचं नाहीये त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. ऑक्सिमेटाझोलिन ०.१ टक्के, अमेरिकेत अपनीक नावाने मिळणारे पापणी वर करायचे थेंब, मी सात-आठ महिने वापरले. काम करतात. पण कोणाला करतात, किती करतात आणि किती तास करतात हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि इन्स्टावरच्या बिफोर-आफ्टर फोटोत तिसऱ्याचं उत्तर कधीच नसतं. शेवटी मी ऑपरेशन करून घेतलं, त्याबद्दल पण खाली लिहिते. थेंब वाईट म्हणून ऑपरेशन केलं असं नाही हां, उलट थेंबांमुळेच ऑपरेशनचा धीर आला.

मी मूळची सांगलीची, सध्या न्यू जर्सी, वय २९. कॉलेजात असताना केराटोकोनस (बुब्बुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं तो आजार) निघाला, पुण्याला सी-थ्री-आर (तो आणखी वाढू नये म्हणून बुब्बुळ कडक करायचा उपचार) झालं आणि तेव्हापासून आरजीपी, म्हणजे आपल्या हार्ड लेन्स. चष्म्याने मला धड दिसत नाही, त्यामुळे लेन्स हा माझा हौसेचा विषय नाही. आणि हार्ड लेन्सवाल्यांना माहितीये ती काढायची कशी, डोळ्याचा बाहेरचा कोपरा कानाकडे ताणायचा, पापणी जोरात मिटायची की लेन्स टपकन हातात. हे वर्षानुवर्षं रोज रात्री. दुकानात मला असंच शिकवलेलं, बहुतेकांना असंच शिकवतात.

मग हळूहळू उजवी पापणी खाली यायला लागली. आई व्हिडिओ कॉलवर दरवेळी "झोप होत नाही का गं तुझी", नवरा म्हणे फोटोत तू एक डोळा बारीक करतेस, आणि मला स्वतःला कळलं ते संध्याकाळी कपाळ दुखायला लागलं तेव्हा. पापणी वर ठेवायला आपण नकळत भुवई उचलून धरतो, दिवसभर. उजव्या भुवईवर आठ्या आणि डावीकडे कपाळ सपाट असा अवतार झालेला.

इथे ऑक्युलोप्लास्टिक सर्जन असतात, म्हणजे पापण्या-भुवया-डोळ्याभोवतीचंच काम करणारे नेत्रतज्ज्ञ. भारतातही मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात ऑक्युलोप्लास्टी डिपार्टमेंट असतं, तिथेच जा, थेट ब्युटी क्लिनिकमध्ये नको, का ते सांगते. माझ्या सर्जन बाईंनी पहिली गोष्ट मागितली ती जुने फोटो. पासपोर्ट, लायसन्स, लग्नातले. त्यावरून कळतं की हे जन्मापासूनचं आहे, हळूहळू आलंय का अचानक. मग टॉर्च आणि पट्टी. टॉर्चचा उजेड बुब्बुळात जिथे चमकतो तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर मोजतात, त्याला एमआरडी-१ म्हणतात, नॉर्मल ४ ते ५ मिलिमीटर. माझं डावीकडे चार, उजवीकडे जेमतेम दोन. मग अंगठ्याने भुवई दाबून धरली आणि पूर्ण खाली बघ, पूर्ण वर बघ, पापणी किती सरकते ते मोजलं. ही लेव्हेटरची, म्हणजे पापणी उचलणाऱ्या स्नायूची ताकद. ती माझी एकदम छान होती. पापणीवरची घडी मात्र डाव्यापेक्षा वर गेलेली.

त्यावरून त्यांनी सांगितलं की स्नायू ठणठणीत आहे, तो पापणीला ज्या पातळ पडद्यासारख्या कंडऱ्याने जोडलेला असतो तो ताणून सैल झालाय. परकराची नाडी सुटली की परकर घसरतो, कमरेत काही बिघाड नसतो, तसं. हे साधारण वयस्कर लोकांत होतं, पण तरुणांत दिसलं की लेन्सचा इतिहास विचारतातच, विशेषतः हार्ड लेन्सचा. सतत डोळे चोळणं हेही एक कारण, आणि केराटोकोनसवाले आपण डोळे किती चोळतो ते आपल्यालाच ठाऊक.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, कृपया हा तरी वाचा. मी म्हटलं संध्याकाळी जास्त पडते, तर त्या लगेच सावध झाल्या. कारण दिवसभरात कमीजास्त होणारी पापणी म्हणजे मायस्थेनिया ग्रॅव्हिस असू शकतो, त्यात नसेकडून स्नायूला जाणारा निरोपच नीट पोचत नाही आणि त्याचं औषध पूर्ण वेगळं आहे. मला बराच वेळ छताकडे एकटक बघायला लावलं, पापणी थकून खाली येते का बघायला, मग दोन मिनिटं मिटलेल्या डोळ्यावर बर्फ (मायस्थेनियात बर्फाने पापणी चक्क वर येते), आणि रक्ताची अँटीबॉडी टेस्ट. फक्त डोळ्यापुरता मायस्थेनिया असेल तर ती टेस्ट बऱ्याच जणांत निगेटिव्ह येते, म्हणून एकट्या रिपोर्टवर विसंबत नाहीत. बाहुल्याही बघितल्या, दोन्ही सारख्या आहेत का. पापणी एकदम पडली आणि सोबत डबल दिसतंय, डोकं भयंकर दुखतंय, किंवा एक बाहुली मोठी झालीय तर हा लेख बंद करा आणि इमर्जन्सीला जा, मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला असू शकतो. बाहुली लहान झालीय आणि मान दुखतेय तरी तेच, तिथे मानेतल्या रक्तवाहिनीचा प्रश्न असू शकतो. ब्युटी क्लिनिकमध्ये हे कोणी बघत नाही, तिथे थेट पापणीची कातडी कापायचं पॅकेज सांगतात. ब्लेफरोप्लास्टीत जादा कातडी काढतात, ती पापणी उचलत नाही. नुसती कातडी लोंबत असेल तर ठीक, पण माझ्यासारख्या केसमध्ये कातडी काढूनही डोळा तेवढाच बारीक राहिला असता, वर पैसे गेले असते.

थेंबांकडे येऊ. पापणी उचलायचं मुख्य काम लेव्हेटरचं, पण त्याच्या मागे म्युलर नावाचा एक छोटा स्नायू असतो, तो साधारण दोन मिलिमीटर उचलतो आणि तो आपल्या इच्छेने हलत नाही. थेंब त्या म्युलरला आवळतात. म्हणजे सैल झालेली कंडरा तशीच, शेजारचा जरा जास्त ओढतोय एवढंच. एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाने, २०२० च्या जुलैमध्ये मान्यता दिली, ती मोठेपणी आलेल्या टोसिससाठी, म्हणजे पडलेल्या पापणीसाठी. जन्मजात पडलेल्या पापणीवाल्यांना ट्रायलमध्ये घेतलेलंच नव्हतं, आणि मायस्थेनिया वगैरे कारण असेल तर आधी ते कारण.

वापर असा. एकेका दिवसाची छोटी प्लास्टिकची कुपी असते, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, उघडली की वापरून टाकायची. दिवसातून एकदाच एक थेंब. लेन्स असेल तर आधी थेंब, मग १५ मिनिटं थांबायचं, मग लेन्स. सकाळच्या घाईत ही १५ मिनिटं फार जड जातात, कारण लेन्सशिवाय मला चहाच्या भांड्यातलं पाणी उकळतंय का तेपण दिसत नाही. हळूहळू थेंब घालून आंघोळीला जायचं असं बसवलं.

परिणाम दहा-पंधरा मिनिटांत दिसायला लागतो आणि पहिल्या दिवशी मी बाथरूममध्ये हसतच सुटले. माझ्याकडे पापणी मिलिमीटरभर वर यायची. ऐकायला काहीच नाही, पण दोनाचे तीन होणं म्हणजे चेहरा बदलतो. भुवई आपोआप खाली, कपाळ दुखायचं जवळपास बंद. सकाळी साडेआठला घातलं तर दुपारी तीन-चारपर्यंत मस्त, पाचला उतरायला लागायचं, आणि सातला कुणाकडे हळदीकुंकवाला जायचं तर परत तोच झोपाळू चेहरा. दुसरा थेंब घालायचा नाही. मग खास कार्यक्रम असेल तर सकाळचा थेंब दुपारी घालायचा आणि मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, अशा तडजोडी.

दोन गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या. एक, हे औषध रक्तवाहिन्यापण आवळतं, त्यामुळे उजवा डोळा पांढराशुभ्र आणि डावा नेहमीसारखा जरा लालसर, म्हणजे आता लोक डाव्या डोळ्याला काय झालं विचारायला लागले! दुसरी जास्त इंटरेस्टिंग. माझी डावी पापणी जी मला नॉर्मल वाटत होती ती थेंब घातल्यावर जराशी खाली आली. मेंदू दोन्ही पापण्यांना सारखाच हुकूम देतो, एक पडतेय म्हणून जोर वाढवला की दुसरीलाही तोच जोर मिळतो, आणि पडलेली वर आली की जोर कमी होतो आणि दुसरीचं खरं रूप दिसतं. याला हेरिंगचा नियम म्हणतात. सर्जन बाईंनी बोटाने उजवी पापणी वर धरून हे आधीच तपासलं होतं म्हणे. एकाच डोळ्याचं ऑपरेशन करणाऱ्यांनी हे नक्की विचारून घ्या, नाहीतर एका डोळ्याचं करून आलात आणि दुसरा पडला असं व्हायचं.

त्रास म्हणाल तर कोरडेपणा. लेन्समुळे आधीच होता, थोडा वाढला, त्यासाठी वेगळे थेंब, तेही १५ मिनिटांच्या अंतराने. बीपी, हृदयाचा त्रास किंवा अँगल क्लोजर काचबिंदूवाल्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय अजिबात नाही. आणि अजून एक, ऑक्सिमेटाझोलिन म्हणजे आपल्या नाकात घालायच्या नॅझिव्हिऑनचंच औषध हे वाचून माझ्या एका चुलतभावाला आयडिया सुचली की तेच डोळ्यात घालू. नाकाचे थेंब डोळ्यात घालू नका रे बाबांनो. त्याचं प्रमाण वेगळं, त्यात प्रिझर्व्हेटिव्ह असतं, ते डोळ्यासाठी बनवलेलं नाही.

पैसे हा खरा काटा. माझ्या इन्शुरन्सने थेंबांना कॉस्मेटिक म्हणून हात वर केले, त्यामुळे दरवेळी खिशातून शंभर डॉलरच्या वर, आणि हे संपणारं प्रकरण नाही, जोवर घालाल तोवरच पापणी वर.

मधे बाकीचे प्रयोगपण केले. पापणीचा टेप, कोरियन-जपानी मुली घडी पाडायला लावतात तो, फोटोपुरता चालतो पण हार्ड लेन्सवर डोळा नीट मिटत नाही आणि कातडी सोलते. चष्म्याला आतून तार लावून पापणी उचलून धरायची सोय असते, ज्यांचे स्नायू खरंच गेलेत आणि ऑपरेशन जमत नाही त्यांना ती वरदान आहे, मला चष्माच चालत नाही त्यामुळे बाद. डोळ्यांच्या व्यायामाचे व्हिडिओ, भुवई धरून पापणी वर-खाली, यावर काही बोलायची इच्छा नाही. सैल झालेली कंडरा व्यायामाने घट्ट होत नाही.

मग ऑपरेशन. इथे इन्शुरन्सने मंजुरी दिली, कारण त्यांना दाखवायचं असतं की नजर अडतेय. समोरून फोटो, आणि व्हिज्युअल फील्ड टेस्ट (नजरेचा घेर मोजतात ती) दोनदा, एकदा पापणी जशी आहे तशी, एकदा टेपने वर चिकटवून. माझ्या वरच्या बाजूच्या नजरेत चांगलाच फरक निघाला.

पर्याय दोन होते. फिनायलएफ्रिनच्या थेंबाने पापणी छान वर आली तर पापणीच्या आतल्या बाजूने म्युलरचा तुकडा काढून शिवता येतं, बाहेर टाकाच दिसत नाही. माझी टेस्ट पॉझिटिव्ह होती, पण कोरडेपणा आणि हार्ड लेन्स, शिवाय नेमका बिघाड कंडऱ्यात, म्हणून सर्जन बाईंनी बाहेरून घडीतून जाऊन कंडरा परत घट्ट बसवायचं सुचवलं. स्नायूची ताकद, म्हणजे पापणीचं सरकणं, चार मिलिमीटरच्या आत असेल, जन्मजात केसमध्ये तसं बरेचदा असतं, तर हे दोन्ही पुरत नाही, मग पापणी कपाळाच्या स्नायूला सिलिकॉनच्या दोरीने किंवा मांडीतल्या पडद्याच्या पट्टीने जोडतात. त्यात पापणी उचलायचं काम भुवई करते आणि झोपेत डोळा थोडा उघडा राहू शकतो, हे आधी समजून घ्या.

भूल फक्त जागेवरची, थोडं गुंगीचं. मधेच मला टेबलावर उठून बसवलं, समोर बघ, वर बघ, मग टाका जरा सैल, परत बघ. विचित्र वाटतं पण दुखत नाही. पहिला आठवडा सूज आणि निळंकाळं, आरशात बघू नये असं. पापणी पूर्ण मिटत नव्हती त्यामुळे रात्री मलम. माझ्यासाठी सगळ्यात अवघड सूज नव्हती, काही आठवडे लेन्स बंद हे होतं. केराटोकोनसवाल्यांनी हे आधीच गृहीत धरा, गाडी चालवायला कोणीतरी लागेल, ऑफिसात सांगून ठेवा. नंतर लेन्सचं फिटिंग पण परत तपासावं लागलं, पापणीचा दाब बदलला की बुब्बुळाचा आकार थोडा बदलतो.

आता तीन महिने होत आलेत. उजवी पापणी डावीपेक्षा केसभर खाली आहे, मला दिसतं, दुसऱ्याला नाही. कमी-जास्त होणं आणि परत टाका घालावा लागणं हे यात होतं, सर्जन बाईंनी सही घेण्याआधीच सांगितलेलं. कोरडेपणा अजून आहे. संध्याकाळी सातलाही डोळा सकाळसारखाच, आणि १५ मिनिटं वाट बघणं संपलं, माझ्या दृष्टीने एवढं पुरेसं आहे. पण नुकतीच जराशी पडलेली असेल, ऑपरेशनची भीती असेल किंवा फक्त लग्नसराईपुरतं हवं असेल, आणि डॉक्टरांनी बाकी कारणं नाहीत म्हणून सांगितलं असेल, तर थेंब मी जरूर सुचवेन. निदान पापणी वर आल्यावर आपण कसे दिसतो हे चाकू लागायच्या आधी कळतं.

लेन्स आता कोपरा ओढून काढत नाही. रबराचा छोटा प्लंजर मिळतो, तो ओला करून लेन्सवर हलकेच टेकवायचा आणि तिरका करून काढायचा. काढण्याआधी लेन्स खरंच डोळ्यात आहे ना हे बघून घ्या, नाहीतर प्लंजर थेट बुब्बुळाला चिकटतो. अगदी स्वस्त असतो. सांगलीला मावसभाऊ आहे, त्यालाही केराटोकोनस आणि त्याच लेन्स, त्याला दोन पाठवलेत.