नवी डिस्क जोडल्यावर ड्युअल बूट बिघडले, तर कोणती दुरुस्ती निवडावी?

विंडोज आणि उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) एकाच संगणकावर सुरळीत चालू असतात, जागा कमी पडते म्हणून दुसरी एसएसडी किंवा घरातली जुनी हार्ड डिस्क जोडली जाते आणि पुढच्या वेळी संगणक सुरू केल्यावर निवडीचा मेनूच दिसत नाही. यावर साधारणपणे पाच उपाय सुचवले जातात: फर्मवेअरमधील (मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरमधील) बूटक्रम व नोंदी सुधारणे, ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्राम) हाताने पुन्हा बसवणे, बूट-रिपेअर या साधनाकडे सगळे काम सोपवणे, विंडोजची दुरुस्ती साधने वापरणे आणि रीफाइंडसारखा वेगळा बूट व्यवस्थापक आणणे. हे पाचही उपाय एकाच ओळीत सांगितले जात असले, तरी ते वेगवेगळ्या थरांवर काम करतात. त्यामुळे उपाय सोपा आहे की अवघड, यापेक्षा तो डिस्कवर काय लिहितो आणि लिहिलेले परत फिरवता येते का, हे पाहून निवड करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

आधी बिघाड कुठे होतो ते पाहू. यूईएफआय या नव्या फर्मवेअर पद्धतीच्या संगणकात मदरबोर्डच्या कायमस्वरूपी स्मृतीत प्रत्येक प्रणालीची एक नोंद असते आणि त्या नोंदीत ईएफआय पार्टिशनचा (बूट फाइलींसाठी राखलेल्या डिस्कवरील छोट्या भागाचा) स्वतंत्र ओळखक्रमांक व बूट फाइलचा पत्ता साठवलेला असतो. ओळखक्रमांक डिस्कच्या क्रमावर अवलंबून नसल्यामुळे नवी डिस्क जोडल्याने ही नोंद तत्त्वतः मोडायला नको. प्रत्यक्षात मात्र काही फर्मवेअर नवे उपकरण दिसताच क्रम आपल्या मनाने लावतात. शिवाय जोडणी करताना मूळ डिस्कची केबल सैल राहून ती एकदा जरी दिसली नाही, तरी तिच्या नोंदी पुसून टाकणारेही फर्मवेअर आहेत. डिस्क पुन्हा दिसू लागल्यावर विंडोजची नोंद आपोआप परत येते, कारण तिच्या बूट फाइलचा ठरलेला पत्ता बहुतेक फर्मवेअरना ठाऊक असतो. उबंटूची नोंद मात्र परत येत नाही. संगणक थेट विंडोजमध्ये जाऊ लागला, तर ‘विंडोजने लिनक्स उडवले’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो, पण अशा वेळी लिनक्स बहुधा जागच्या जागी असते.

जुन्या बायॉस पद्धतीत चित्र वेगळे आहे. तिथे फर्मवेअर पहिल्या क्रमांकाच्या डिस्कचे पहिले सेक्टर वाचते, त्यामुळे नवी डिस्क पहिल्या क्रमांकावर गेली की ‘बूट करण्याजोगे उपकरण नाही’ असा संदेश येतो किंवा त्या डिस्कवर पूर्वीपासून असलेली प्रणाली सुरू होते. हार्ड डिस्कचा अग्रक्रम बदलला की प्रश्न मिटतो.

म्हणून उपाय निवडण्यापूर्वी लक्षण ओळखावे. ग्रबचा मेनू न येता विंडोज सुरू होत असेल, तर दोष क्रमात किंवा नोंदीत आहे. पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ किंवा नुसता ‘ग्रब’ असा प्रॉम्प्ट (आदेशाची वाट पाहणारी ओळ) येत असेल, तर ग्रब सापडला आहे, पण त्याला आपल्या फाइलींचे पार्टिशन सापडत नाही. मेनू येऊन लिनक्स सुरू होऊ लागते, दीड मिनिट खोळंबते आणि आपत्कालीन मोडमध्ये थांबते, तेव्हा बूटलोडरला हात लावण्याचे काहीच कारण नसते. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या हे सांगणाऱ्या एफएसटॅब या फाइलीत एखादी डिस्क ‘एसडीबी’ अशा नावाने लिहिलेली असते आणि नव्या जोडणीनंतर ते नाव दुसऱ्याच डिस्ककडे गेलेले असते. तिथे नावाऐवजी यूयूआयडी (जोडणीच्या क्रमाने न बदलणारा ओळखक्रमांक) लिहावा, आणि जी डिस्क कधी असेल, कधी नसेल तिच्यापुढे ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी न थांबण्याचा) हा पर्याय जोडावा. डिस्कच दिसत नसेल, तर मदरबोर्डची पुस्तिका उघडावी, कारण अनेक बोर्डांवर एसएसडी बसवायची एम-डॉट-टू खाच भरली की एखाद-दुसरे साटा पोर्ट (डिस्कची केबल लावायची जागा) बंद होते, आणि ही गोष्ट कोणत्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही.

आता मुख्य तुलना. फर्मवेअरमधील नोंद सुधारणे आणि ग्रब पुन्हा बसवणे, या दोन उपायांतच बहुतेकांची निवड अडते. पहिल्या उपायात संगणक सुरू होताना बूट मेनूची कळ दाबून, किंवा विंडोजमध्ये शिफ्ट दाबून रीस्टार्ट केल्यावर येणाऱ्या पडद्यावरून, उबंटूची नोंद दिसते का ते पाहायचे असते. ती दिसली, तर सेटिंगमध्ये जाऊन तिला वर आणले की काम संपते. ती नसेल, तर लिनक्सच्या लाइव्ह (प्रतिष्ठापनेविना लिनक्स चालवणाऱ्या) पेनड्राइव्हवरून ईएफआयबूटएमजीआर या आदेशाने नवी नोंद तयार करता येते. त्यासाठी ईएफआय पार्टिशन कोणत्या डिस्कवर कितवे आहे आणि उबंटूच्या फोल्डरमधील शिम या बूट फाइलीचा पत्ता काय, एवढेच सांगावे लागते. या उपायात डिस्कवर एक अक्षरही लिहिले जात नाही आणि चुकीची नोंद त्याच आदेशाने पुसता येते. मर्यादा एवढीच, की फर्मवेअर मुळातच हेकट असेल, तर ते पुढच्या वेळी पुन्हा तेच करते.

ग्रब पुन्हा बसवण्याचा उपाय अधिक व्यापक आहे आणि प्रॉम्प्टवर अडकलेल्या संगणकासाठी बहुतेकदा तोच लागतो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मूळ लिनक्सचे पार्टिशन जोडायचे, त्यात ईएफआय पार्टिशन जोडायचे, सीएचरूट या आदेशाने त्या मूळ लिनक्सच्या आत शिरायचे, मग ग्रब-इन्स्टॉल (ग्रब बसवणारा) आणि अपडेट-ग्रब (मेनूची यादी नव्याने करणारा) हे आदेश द्यायचे, असा त्याचा क्रम आहे. यूईएफआय संगणकात पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच सुरू झालेला असावा लागतो, नाहीतर नोंद लिहिताच येत नाही. बायॉस संगणकात डिस्कची नावे अदलाबदल झालेली असल्यामुळे ग्रब नव्या डिस्कवर लिहिला जाण्याची शक्यता मोठी असते. तसे झाले तरी संगणक व्यवस्थित चालू होतो आणि चूक लक्षात येते ती काही महिन्यांनी, ती डिस्क काढल्यावर. म्हणून नावावर विसंबू नये. डिस्कची क्षमता आणि मॉडेल क्रमांक पाहूनच लक्ष्य ठरवावे.

ग्रब परत आला, पण त्यात विंडोज दिसत नाही, ही तक्रारही याच टप्प्यावर येते. 2021 साली आलेल्या ग्रब 2.06 पासून इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मूळ रचनेत बंद ठेवलेला आहे. ग्रबच्या सेटिंग फाइलीत तो बंद ठेवणाऱ्या ओळीचे मूल्य ‘फॉल्स’ करून अपडेट-ग्रब पुन्हा चालवले, की दुसऱ्या डिस्कवरचे विंडोजही यादीत येते.

बूट-रिपेअरबद्दल माझे मत संमिश्र आहे. त्यातील ‘शिफारस केलेली दुरुस्ती’ हे बटण वर सांगितलेली बहुतेक कामे आपोआप करते आणि आदेशांची सवय नसलेल्या माणसाला त्याचा मोठा आधार वाटतो. परंतु एकच डिस्क, एक विंडोज आणि एक लिनक्स असा साधा मामला असेल, तेव्हाच त्याचा अंदाज सहसा बरोबर ठरतो. तीन डिस्क, दोन ईएफआय पार्टिशने आणि त्यांपैकी एक जुन्या संगणकातून आलेले, अशा गुंत्यात ते कोणते पार्टिशन निवडेल याची खात्री देता येत नाही. त्याचा खरा उपयोग निदानासाठी आहे. दुरुस्ती न करता केवळ अहवाल तयार करण्याची सोय त्यात आहे, आणि त्या अहवालात कोणत्या डिस्कवर काय बसवलेले आहे, याचे इतके सविस्तर चित्र मिळते की पुढची हाताने करायची दुरुस्ती निम्मी सोपी होते. अहवाल जालावर चढवायचा का, असे ते विचारते. तिथे नको म्हटले तरी चालते.

विंडोजच्या साधनांचा विचार फक्त विंडोज सुरू होत नसेल तेव्हाच करावा. ‘स्टार्टअप रिपेअर’ला लिनक्सची दखल घेण्याचे कारण नसते. त्यापेक्षा विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्ट या साधनाने ईएफआय पार्टिशनला अक्षर द्यावे आणि बीसीडीबूट आदेशाने बूट फाइली नव्याने लिहाव्यात, हे नेमके काम आहे. मात्र दुरुस्तीच्या वातावरणात ‘सी’ ड्राइव्हला भलतेच अक्षर मिळालेले असू शकते, म्हणून विंडोजचे फोल्डर आधी शोधून घ्यावे. या आदेशानंतर विंडोजची नोंद क्रमात वर जाते, त्यामुळे शेवटी पुन्हा बूटक्रम बदलावा लागतो.

कोणताही उपाय करण्यापूर्वी बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची 48 अंकी रिकव्हरी की हाताशी असली पाहिजे. बूटक्रम, सिक्युअर बूट (केवळ स्वाक्षरी असलेल्या बूट फाइली चालू देणारी सोय) किंवा बूट फाइल यांत बदल झाला की ती मागितली जाऊ शकते, आणि विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीची नवी प्रतिष्ठापना मायक्रोसॉफ्ट खात्याने केली असेल, तर वापरणाऱ्याच्या नकळत एन्क्रिप्शन सुरू झालेले असण्याची शक्यता आहे. विंडोज चालू होत असेल, तर बदलापूर्वी बिटलॉकर तात्पुरता स्थगित करणे सर्वांत सोयीचे.

रीफाइंड हा दुरुस्तीपेक्षा रचनाबदल आहे. तो प्रत्येक वेळी सर्व डिस्क चाळून बूट फाइली शोधतो, त्यामुळे वरचेवर डिस्क बदलणाऱ्यासाठी ग्रबपेक्षा सोयीचा ठरतो. यादी नव्याने तयार करण्याचा आदेश द्यावा लागत नाही. पण तो स्वतःही फर्मवेअरमधील नोंदीवरच उभा असतो, आणि सिक्युअर बूट चालू असल्यास त्याच्या स्वाक्षरीची वेगळी व्यवस्था करावी लागते. ज्या फर्मवेअरने उबंटूची नोंद पुसली, ते रीफाइंडचीही पुसेल.

जोडलेली डिस्क मूळ डिस्कची क्लोन (हुबेहूब प्रत) असेल, तर वरची सर्व तुलना बाजूला ठेवावी. क्लोन केल्याने यूयूआयडी आणि पार्टिशनचे ओळखक्रमांक दोन्हीकडे सारखेच राहतात. मग ग्रब एका डिस्कवरचा, कर्नल (लिनक्सचा गाभा) दुसऱ्या डिस्कवरचा आणि मूळ फाइल प्रणाली कधी ही तर कधी ती, अशी अवस्था होऊ शकते, आणि ग्रब कितीही वेळा बसवला तरी ती सुटत नाही. अशा वेळी संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी, नवी डिस्क एकटी चालते याची खात्री करावी आणि जुनी डिस्क दुसऱ्या संगणकाला किंवा लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या यंत्राला जोडून पुसावी.

राहता राहिला प्रश्न कायमच्या मांडणीचा. दोन्ही प्रणालींनी एकच ईएफआय पार्टिशन वापरले तर जागा वाचते, पण ती वाचते काहीशे एमबी, आणि त्या बदल्यात ते पार्टिशन असलेली डिस्क काढली की दोन्ही प्रणाली बंद पडतात. नवी डिस्क घेतलीच आहे, तर लिनक्स तिच्यावर हलवून तिथे स्वतंत्र ईएफआय पार्टिशन ठेवणे मी अधिक पसंत करेन. प्रतिष्ठापनेच्या वेळी विंडोजची डिस्क काढून ठेवावी किंवा फर्मवेअरमधून बंद करावी, कारण उबंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये दुसरी डिस्क निवडूनही बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर जात असे. त्यानंतर लिनक्सची डिस्क बूटक्रमात पहिली ठेवावी आणि विंडोज ग्रबमधून न उघडता फर्मवेअरच्या बूट मेनूतून उघडावे. त्यामुळे बिटलॉकर रिकव्हरी की मागण्याचे प्रसंगही टळतात.