गुरुवार, सव्वासात : व्यसनमुक्तीच्या गटात अकरा महिने

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी झाली आणि त्यानंतरच्या गुरुवारी पहिल्यांदा गेलो. काल डायरी काढून मोजलं. ४७ गुरुवार झाले, त्यांपैकी ४१ हजेऱ्या. चुकलेल्या सहांपैकी चार सेकंड शिफ्टमुळे, एक तापामुळे, आणि एक खोटं कारण सांगून. त्याबद्दल खाली येईलच.

आधीच सांगतो, दारू काही या गटामुळे सुटली नाही. ती सुटली हॉस्पिटलच्या वॉर्डात, आठ दिवसांत, सलाइन आणि गोळ्यांवर. रोज क्वार्टर-दीड क्वार्टर आणि शनिवारी त्याहून जास्त, असं बारा-तेरा वर्षं पिणाऱ्याने घरी बसून एकदम बंद करू नये, हे मला तिथे कळलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, भास होतात, माणूस जाऊही शकतो. माझ्या शेजारच्या कॉटवरचा गृहस्थ दोन रात्री भिंतीवरच्या मुंग्या झटकत होता. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. तेव्हा गटात जायचा विचार असेल तर आधी डॉक्टर, मग गट. उलटं करू नका.

वॉर्डातून बाहेर पडताना शरीरात दारू नव्हती, हात स्थिर होते. मात्र एक गोष्ट जशीच्या तशी राहिली होती, ती म्हणजे खोटं बोलणं. पिणाऱ्याला दिवसाला दहा थापा लागतात. उशीर का झाला, पगारातले दोन हजार कुठे गेले, बडीशेप कशाला खातोस, डिकीची किल्ली का देत नाहीस. बाटली गेली तरी थापांची सवय जात नाही, आणि कारण नसताना थापा मारणारा माणूस लवकरच त्या थापांसाठी कारण शोधून काढतो. माझ्यापुरतं सांगायचं तर गटाचा उपयोग इथे झाला. बाकी सगळं जोडीला.

गट कसा आहे ते सांगतो. नाशिकमध्येच, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. नाव देत नाही, कारण पुढे थोड्या तक्रारीही आहेत. गोलात दहा प्लास्टिकच्या खुर्च्या, सगळे पुरुष, वय बावीस ते सदुसष्ट. सव्वासात ते पावणेनऊ. ही वेळ कोणी ठरवली माहीत नाही, पण ज्याने ठरवली त्याला पिणारा माणूस कळतो. साडेसात ही आमची प्यायला बसायची वेळ. बैठकीचे ३०० रुपये, बारा बैठकांचे एकदम भरले तर ३०००. महाग वाटलं तर पिण्याचा महिन्याचा हिशेब मांडून बघा. मी मांडला आणि कागद फाडून टाकला.

मोबाईल दारातल्या ट्रेमध्ये. आत बोललेलं बाहेर न्यायचं नाही. (म्हणून इथे मी माणसांचे धंदे बदललेत.) सुरुवातीला प्रत्येकाने आठवड्यातली तलफ शून्य ते दहामध्ये सांगायची. 'तू असं कर' म्हणायचं नाही, 'मी असं केलं' म्हणायचं. पिऊन कोणी आलाच तर त्याला गोलात बसवत नाहीत, पण घरीही हाकलत नाहीत. खालच्या खोलीत चहा देतात, घरून कोणी येईपर्यंत एक जण सोबत बसतो. हे मी दोनदा पाहिलं. पहिल्यांदा राग आला होता, दुसऱ्यांदा सोबत मी बसलो.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची (एएची) मीटिंग वेगळी आणि हा गट वेगळा, हा फरक मला दोन्हीकडे गेल्यावर कळला. एएची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावी दोन पिणाऱ्यांनी केली, एक शेअर बाजारातला आणि एक सर्जन. तिथे आजही फी नाही, डॉक्टर नाही. एक जण आपलं सांगतो, बाकीचे मधे न बोलता ऐकतात. आमच्या गटात मानसोपचाराचं शिक्षण घेतलेल्या मॅडम असतात आणि मधे बोलणं हाच मुख्य भाग. कोणी तरी तुम्हाला अडवतं. मी रविवारी एएला जातो, गुरुवारी इथे. रविवारी मन हलकं होतं. गुरुवारी बहुतेक वेळा जड होतं.

अडवणं म्हणजे काय ते सांगतो. दुसऱ्या महिन्यात मला डायसल्फिरामची गोळी चालू होती. ही गोळी पोटात असताना दारू घेतली तर दारूचं पुढचं विघटन अडतं, अंगात अॅसिटाल्डिहाइड साठतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याला माहीत असूनच ती द्यायची असते. अन्नात लपवून देणं धोक्याचं. आमच्याकडे रोज सकाळी बायको समोर उभी राहून द्यायची. गटात मी सांगितलं, "गोळी रोज चालू आहे, बायकोसमोर घेतो, तलफ दोन."

समोर एसटीतून रिटायर झालेले काका बसतात. ते चष्मा पुसत म्हणाले, "गिळतोस की ठेवतोस?"

खोलीत कोणी हललं नाही. मी म्हणालो, "म्हणजे?" ते म्हणाले, "डाव्या गालात ठेवायचो मी. उजवीकडे दाढ दुखायची."

सहा दिवस मी गोळी गालात ठेवून बेसिनमध्ये थुंकत होतो. आठवड्याने चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. प्यायचं असं ठरवलं नव्हतं. पण वाट मोकळी करून ठेवत होतो. हे मला स्वतःलाही त्या क्षणापर्यंत दिसलं नव्हतं, खरंच. मॅडम शांतपणे एवढंच म्हणाल्या की गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणजे लग्नात दारू घेतली असती तर मांडवातच आडवा झाला असतास. पुढच्या गुरुवारी मी 'शिफ्ट आहे' असा मेसेज टाकला. शिफ्ट नव्हती. तीच ती खोट्या कारणाची गैरहजेरी. त्यानंतरच्या गुरुवारी गेलो, तर काकांनी जवळची खुर्ची ओढून दिली आणि विचारलं, "पाण्यात विरघळवून घेतोस का आता? चव घाण आहे, पण गालात राहत नाही."

मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीनवर रोज आठ तास उभा राहणाऱ्या ऑपरेटरला त्याच्या मशीनचा आवाज येईनासा होतो. बाहेरचा फिटर शॉपमध्ये शिरता शिरताच सांगतो, बेअरिंग गेलंय. डॉक्टर फिटर नव्हेत. त्यांनी मॅन्युअल वाचलंय. फिटर म्हणजे ज्याच्या मशीनचं तेच बेअरिंग आधी गेलंय तो. बायकोला माझी थाप ओळखू यायची, पण ती बोलली की भांडण व्हायचं. काकांशी भांडायला जागाच नव्हती, माझी युक्ती त्यांनी माझ्या आधी वापरली होती.

बाकी तंत्रं आहेत, उपयोगी आहेत, पण त्यांवर फार लिहीत नाही. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी काय झालंय ते आधी तपासायचं. निम्म्या वेळा माझी तलफ ही भूक निघाली. तलफ चढते तशी उतरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासात, तेवढा वेळ काढायचा. 'एकच घे रे, माझ्यासाठी' म्हणणाऱ्या मामाला नाही कसं म्हणायचं याचं नाटक करून घेतात. रिक्षा चालवणारे एक सदस्य मामाची भूमिका इतकी छान करतात की मला खऱ्या मामापेक्षा त्यांचीच भीती वाटते.

गटारीचं मात्र सांगायला हवं. आषाढ अमावास्या, आणि शहरभर मटणाच्या दुकानांपुढे रांगा. त्या दिवशी गटाने जादा बैठक ठेवली. प्रत्येकाने संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, तासातासाचं लिहून आणायचं होतं. माझ्या कागदावर आठ ते नऊ 'घरी जेवण' होतं. एकाने विचारलं, मटण कोण आणणार? मी. कुठून? नेहमीच्या दुकानातून. शेजारी काय आहे? वाईन शॉप. बस, एवढंच. मटण मुलगा घेऊन आला. या असल्या बारीक गोष्टी पुस्तकात नसतात.

आता तक्रारी. पहिली मोठी. मार्चमध्ये मॅडम गट सोडून गेल्या आणि एक तरुण सर आले, आम्हाला आधी एका शब्दाने सांगितलं नाही. ज्यांच्यासमोर माणूस पहिल्यांदा खरं बोलला, त्या अशा नाहीशा होतात तेव्हा काय होतं याचा संस्थेने विचार केला नसावा. त्या महिन्यात दोघे यायचे बंद झाले. एक परत आला. सर चांगले आहेत, पण फळ्यावर फार लिहितात.

दुसरी, सगळी व्यसनं एकाच गोलात. ऑनलाइन रमीत पैसे घालवलेला बावीस वर्षांचा पोरगा आणि आमच्यासारखे पिणारे. थापा सारख्या असतात हे खरं, पण त्याच्या खिशात तो जुगाराचा अड्डा चोवीस तास असतो, आणि आमचे उपाय त्याला लागू पडत नाहीत. त्याच्या वाट्याला आमचे अनुभव आले, इलाज आला नाही.

तिसरी मला सगळ्यात जास्त टोचते. नवऱ्याने घरात काय केलं, हे गटाला फक्त नवऱ्याकडूनच कळतं. आम्ही एकमेकांच्या थापा पकडतो, पण हात उगारला होता का, हा प्रश्न अकरा महिन्यांत मी दोनदाच ऐकला. महिन्यातून एकदा घरच्यांची बैठक असते, तीही गुरुवारी सव्वासातला. स्वयंपाकाची वेळ, पोरांच्या क्लासची वेळ, कोणती बाई येणार? पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने मुक्तांगण उभं केलं, तिथे पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट चालतो. तसं काही इथे हवं. हिला मी विचारलं तर म्हणाली, "तुझ्याबद्दल बोलायला अजून एक संध्याकाळ घालवू?" तिचंही बरोबर आहे.

उपयोग होतो का, याचा पुरावा विचारणाऱ्यांसाठी. २०२० मध्ये कॉक्रेनचा (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) मोठा आढावा आला, २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं. एए आणि माणसाला एएकडे नेणारे ठराविक कार्यक्रम घेतलेल्यांपैकी वर्षभर पूर्ण कोरडे राहिलेले सुमारे ४२ टक्के, इतर उपचारांत सुमारे ३५. म्हणजे फरक आहे, चमत्कार नाही. आणि तो आकडा आमच्यासारख्या फीवाल्या गटाचा नाही, हेही लक्षात ठेवा. आमच्या दहा खुर्च्यांचं सांगतो. मी आलो तेव्हाच्या नऊ जणांपैकी पाच अजून येतात, त्यातले दोघे मधे घसरून परत आलेले. मी स्वतः एकदा घसरलो, जानेवारीत, दोन पेग. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता म्हणून ते दोनावर राहिलं.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे कुठला तरी उपचार मिळालेला एक. हा आकडा वाचला तेव्हा आमच्या शॉपमधले चेहरे मोजले. कोणाला कुठे सुरुवात करायची कळत नसेल तर सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे.

कोणाला जमेल? ज्याला आपली थाप पकडली गेलेली सहन होईल त्याला. फक्त बायकोच्या समाधानासाठी येणारे तीन आठवडे टिकतात, असं निदान मी तरी पाहिलं. पण मीही त्यासाठीच आलो होतो, त्यामुळे हा नियम समजू नका.

पुढच्या बारा बैठकांचे ३००० मी भरलेत. कारण एक थाप अजून शिल्लक आहे. तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या पतसंस्थेतून ६०,००० काढले आणि प्यायलो. हप्ता पगारातून कापला जातो. घरी सांगितलंय की ओव्हरटाइम बंद झालाय. गेल्या महिन्यात हे गटात बोललो. कोणी सांग म्हटलं नाही, कोणी मुदत दिली नाही. काकांनी फक्त किती हप्ते राहिलेत ते विचारलं. सात. आता सहा आहेत. पगाराची स्लिप पाकिटात घडी करून ठेवलीय, परवा रात्री काढून टेबलावर ठेवली होती आणि ही स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आत उचलली. येत्या गुरुवारी तलफेचा आकडा सांगून झाला की काका स्लिपचंच विचारणार.