तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि कायदा एकाच पदवीत: 'स्वयं' किती कामाचं?

महाराष्ट्रातल्या बऱ्याच महाविद्यालयांत बी.ए.ला राज्यशास्त्र मिळतं. तत्त्वज्ञानाचा विभाग मोजक्या ठिकाणी असतो, आणि कायदा म्हटलं की थेट विधी महाविद्यालयाकडे बोट दाखवलं जातं. तिन्ही विषय एकत्र शिकायचे असतील तर राज्यशास्त्र मेजर (मुख्य विषय) घ्यायचं आणि बाकीचे दोन बाहेरून जोडायचे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो. त्यासाठी केंद्र सरकारचं 'स्वयं' हे ऑनलाइन व्यासपीठ २०१७ पासून उपलब्ध आहे. व्याख्यानं पाहायला आणि नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, आणि शिकवणारे आयआयटी, राष्ट्रीय विधी विद्यापीठं, केंद्रीय विद्यापीठं अशा ठिकाणचे प्राध्यापक असतात. या कामासाठी 'स्वयं' जरूर वापरावं, पण विद्यापीठाचा क्रेडिट आराखडा, म्हणजे कोणत्या विषयाला किती श्रेयांक याचा हिशेब, समोर ठेवून आधी आखणी केली तरच. नाहीतर प्रमाणपत्रं जमत जातात आणि गुणपत्रिकेत त्यातलं काहीच उमटत नाही.

घोळ मुख्यतः क्रेडिटच्या हिशेबात होतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे एका सत्राला साधारण २२ क्रेडिट, म्हणजे तीन वर्षांना १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १७६ असा आराखडा आहे. 'स्वयं'वर चार आठवड्यांचा अभ्यासक्रम साधारण १ क्रेडिटचा, आठ आठवड्यांचा २, बारा आठवड्यांचा ३ आणि पंधरा आठवड्यांचा ४ क्रेडिटचा असतो. महाविद्यालयातल्या ओपन इलेक्टिव्हची (मुख्य विषयाबाहेरच्या, स्वतः निवडायच्या विषयाची) जागा मात्र बहुधा २ किंवा ४ क्रेडिटची असते. विद्यार्थ्यांना आवडणारे बरेचसे अभ्यासक्रम बारा आठवड्यांचे. चारच्या जागी तीन क्रेडिट आणले की एक कमी पडतं आणि परीक्षा विभाग ती जागा रिकामी धरतो. तेव्हा २ क्रेडिटच्या जागेसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम शोधा. ४ क्रेडिटची जागा असेल तर पंधरा आठवड्यांचा घ्या, किंवा बारा अधिक चार अशी जोडी चालेल का ते विचारा. ही परवानगी तोंडी घेऊ नका. अभ्यासक्रमाचं नाव, सांकेतिक क्रमांक, आठवडे, क्रेडिट आणि तो कोणत्या जागेवर धरायचा, एवढं लिहून प्राचार्यांची किंवा समन्वयकांची सही नाव नोंदवण्याआधीच घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत 'स्वयं'वरून घेता येतात, पण कोणता अभ्यासक्रम मान्य करायचा हे शेवटी तुमची संस्थाच ठरवते.

दुसरी गोष्ट क्रमाची. यादी चाळून दिसेल ते उचललं तर सगळ्यात आधी 'संविधान' किंवा 'विधिशास्त्र' (कायद्याचं तत्त्वज्ञान) घेतलं जातं, कारण नावं ओळखीची वाटतात. असं करू नका. सुरुवात तर्कशास्त्राने करा. विधिशास्त्रातला एक गाजलेला वाद पाहा. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज विचारवंत जॉन ऑस्टिन याच्या मते कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा. त्यावर विसाव्या शतकातला विचारवंत एच. एल. ए. हार्ट विचारतो, की मग बंदूक रोखून पैसे मागणारा दरोडेखोर आणि कर मागणारं सरकार यांत फरक काय? हा वाद समजायला आधी गृहीतक कुठलं, निष्कर्ष कुठला आणि प्रतिउदाहरणाने नेमकं काय कोसळतं हे ओळखता यायला हवं. ते येत नसलेला विद्यार्थी विधिशास्त्रात 'ऑस्टिनचे पाच मुद्दे, हार्टचे पाच मुद्दे' असं पाठ करतो. आमच्या मते पहिल्या वर्षाच्या ओपन इलेक्टिव्हमध्ये तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र, तिसऱ्या सत्रात राजकीय विचारप्रणाली किंवा आधुनिक भारतीय राजकीय विचार, चौथ्यात संविधान, पाचव्यात विधिशास्त्र हा क्रम योग्य. ओपन इलेक्टिव्हच्या जागा बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाअखेर संपतात, म्हणून पाचव्या सत्रासाठी मायनरची (दुय्यम विषयाची) जागा मिळते का ते पहिल्याच वर्षी विचारून ठेवावं. शिवाय 'स्वयं'वर एकच अभ्यासक्रम दर सत्रात लागेलच असं नसतं. जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रं असतात, तेव्हा प्रत्येक जागेसाठी एक पर्यायी अभ्यासक्रम हाताशी हवाच.

दर्जा विषयागणिक बदलतो. राजकीय विचारांचे अभ्यासक्रम सर्वांत भरीव आहेत. आयआयटी गुवाहाटीचे राजकीय विचारप्रणाली आणि आधुनिक भारतीय राजकीय विचार हे दोन नीट बांधलेले आहेत. एकेका विचारवंताला पुरेसा वेळ मिळतो आणि वाचनाची दिशाही दिली जाते. तर्कशास्त्रही व्हिडिओवर छान जमतं, कारण प्रत्येक पायरी पडद्यावर दिसते आणि थांबवून स्वतः सोडवता येते. कायद्याची बाजू मात्र विस्कळीत आहे. बौद्धिक संपदा, पर्यावरण असे विशेष विषय भरपूर, पण पदवीच्या विद्यार्थ्याला क्रमाने पुढे नेणारी साखळी तिथे आयती मिळत नाही, ती स्वतःच लावावी लागते.

खरी उणीव परीक्षेत आहे. ही परीक्षा मोठ्या अंशी बहुपर्यायी असते. संविधानाची मूलभूत चौकट संसदेला बदलता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ज्यात ठरवलं, त्या केशवानंद भारती खटल्याचंच घ्या. निकाल २४ एप्रिल १९७३ चा, १३ न्यायमूर्तींचं पीठ, ७ विरुद्ध ६ असा कौल. बहुपर्यायी प्रश्नात हे आकडे नेमके पकडता येतात. पण संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार आहे हे मान्य करूनही त्या अधिकाराला मूलभूत चौकटीची मर्यादा कशी घालता येते, आणि निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी ती घालणं लोकशाहीशी कितपत सुसंगत आहे, हे चार पर्यायांत मावत नाही. तिन्ही विषय मुळात युक्तिवाद लिहिण्याचे आहेत, म्हणून लिहिण्याची सोय आपली आपणच करायची. दर आठवड्याला एक प्रश्न घ्या, त्यावर ४०० शब्द लिहा आणि त्यांपैकी किमान १०० शब्द आपल्या मताविरुद्धच्या सर्वांत बळकट मुद्द्याला द्या. निकालाच्या सारांशावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर निकाल मोफत आहेत आणि काहींचे मराठी अनुवादही मिळतात. पहिल्या वाचनात फक्त वादाचा मुद्दा, निर्णय आणि त्यामागचं कारण शोधा. अल्पमतातलं निकालपत्र दुसऱ्या वाचनात घ्या, पण घ्याच.

एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमामार्फत 'स्वयं'वर चालणाऱ्या अभ्यासक्रमांचं गणित वेगळं समजून घ्यावं लागतं. असाइनमेंटला २५ आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ गुण. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. परीक्षेत ६८ आले आणि असाइनमेंटमध्ये ९, तर बेरीज ७७ असूनही प्रमाणपत्र नाही. बारा आठवड्यांपैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरल्या जातात. म्हणजे चार बुडाल्या तरी चालतं, पण महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षांच्या काळात त्या चार लागणारच आहेत. सुरुवातीलाच उडवू नका. आणखी एक: अभ्यासक्रमाला नाव नोंदवणं आणि परीक्षेचा अर्ज भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेचं शुल्क वेगळं, तारीख वेगळी. ती तारीख चुकली की बारा आठवडे पाहिलेलं सगळं क्रेडिटच्या दृष्टीने शून्य.

भाषेचा अडसर खरा आहे. बहुतेक व्याख्यानं इंग्रजीत, काही हिंदीत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी व्याख्यानाआधी मराठी विश्वकोशातली त्या विषयाची नोंद वाचावी, ती ऑनलाइन मोफत आहे. 'सार्वभौमत्व', 'सामाजिक करार', 'उपयुक्ततावाद' या संकल्पना आधी मराठीत पक्क्या झाल्या की इंग्रजी व्याख्यानाचा वेग जाचत नाही. भारताच्या संविधानाची मराठी प्रतही शेजारी उघडी असू द्या.

क्रेडिट जमा होतात अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी डिजिटल खात्यात, आणि तिथे नावावरून अडतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं आणि आईचं. आधारवर बहुधा स्वतःचं, वडिलांचं आणि शेवटी आडनाव. 'स्वयं'वर तिसऱ्याच पद्धतीने टाकलं की नोंदी जुळत नाहीत. १२ अंकी अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) काढतानाच डिजिलॉकर (सरकारी कागदपत्रांचं ऑनलाइन खातं), महाविद्यालय आणि 'स्वयं' या तिन्हीकडे एकच नाव, तेच स्पेलिंग ठेवा. जमा झालेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतात.

वकिली करायची असेल तर लक्षात ठेवा, यातल्या कायद्याच्या क्रेडिटमुळे एलएल.बी.चा एकही पेपर सुटत नाही. त्यासाठी पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी. करावीच लागते. बार कौन्सिलच्या नियमांनुसार खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान ४५ टक्के लागतात, आणि आपल्याकडे शिवाय राज्याची सीईटी (प्रवेश परीक्षा). याच कारणाने सहाव्या सत्रात 'स्वयं'चा एकही अभ्यासक्रम ठेवू नये. जानेवारीच्या सत्राची परीक्षा एप्रिल-मेच्या सुमारास होते, निकाल त्यानंतर काही आठवड्यांनी लागतो, आणि तोवर एलएल.बी.च्या प्रवेशासाठी अंतिम गुणपत्रिका मागितलेली असू शकते. बाहेरचे सगळे क्रेडिट पाचव्या सत्राच्या निकालासोबत गुणपत्रिकेवर चढले आहेत ना, हे डिसेंबर-जानेवारीतच परीक्षा विभागात जाऊन तपासा. कमी पडत असतील तर महाविद्यालयातलाच विषय घेऊन भरून काढायला अजून एक सत्र हाती असतं.