एकच 'रिंग', दोन संच: शेंकचं अरण्य आणि शेरोचं धरण

गेले दहा रविवार मी आणि दादा एकच गोष्ट दोनदा पाहतोय. वाग्नरच्या 'रिंग' या चार ऑपेरांच्या मालिकेचे दोन डीव्हीडी संच घरात आहेत. दादाचा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा. दिग्दर्शक ऑटो शेंक, वाद्यवृंद जेम्स लिवाइनच्या हाती, चित्रण १९८९ आणि १९९० सालचं. माझा जर्मनीतल्या बायरॉइथचा. दिग्दर्शक पात्रीस शेरो, वाद्यवृंद पिएर बुलेझच्या हाती, चित्रण १९७९ आणि १९८०चं. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकांच्या संचाला नावं ठेवत आलो, पण दुसऱ्याचा संच दोघांनीही पुरता पाहिलेला नव्हता. शेवटी ठरवलं की दर रविवारी एक अंक पाहायचा, आधी त्याचा आणि मग तोच माझा. पहिला 'राइनगोल्ड' सलग, बाकी तिघांचे ('वाल्क्यूरे', 'सीगफ्रीड', 'ग्योटरडेमरुंग') तीन-तीन, असे दहा अंक. तीसेक तास गेले, आणि एकही वाया गेला नाही.

ज्यांनी यातला कुठलाच पाहिलेला नाही त्यांच्यासाठी फरक थोडक्यात सांगते. शेंकच्या रंगमंचावर नदी ही नदीच असते आणि अरण्य हे अरण्यच. देवांच्या हातात भाले, अंगावर जाड वस्त्रं. शेरोच्या पहिल्याच दृश्यात ऱ्हाइन नदीवर जलविद्युत धरण उभं आहे, जलकन्या एकोणिसाव्या शतकातल्या वेश्यांच्या वेशात आहेत आणि देवांचा राजा वोटान लांब कोट घालून एखाद्या कारखानदारासारखा वावरतो. बायरॉइथचा महोत्सव १८७६ साली याच 'रिंग'ने सुरू झाला होता. शंभर वर्षांनी, १९७६च्या शताब्दीला, एकतीस वर्षांच्या फ्रेंच दिग्दर्शकाने हे असं काही दाखवलं म्हटल्यावर प्रेक्षक खवळले. शिट्ट्या वाजल्या, हुर्यो उडाली, पत्रकं वाटली गेली. १९८०मध्ये याच निर्मितीचा शेवटचा प्रयोग झाला तेव्हा टाळ्या थांबेनात, कलाकारांना शंभराहून जास्त वेळा पडद्यापुढे यावं लागलं.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये शेंकची 'रिंग' आली तेव्हाच समीक्षकांनी ती जुन्या वळणाची म्हणून बाजूला सारली होती. प्रेक्षकांनी मात्र ती जिवापाड जपली. २००९मध्ये ती कायमची उतरवली तेव्हा शेवटच्या प्रयोगांना लोक लांबलांबून आले. दादाला त्या प्रयोगांना जाता आलं नाही, याचं त्याला अजून वाईट वाटतं.

मी नाटकांची प्रकाशयोजना करते, त्यामुळे माझं पहिलं लक्ष तिकडेच जातं. पारंपरिक मांडणी म्हणजे रंगवलेले पडदे आणि सपाट उजेड, असं मी धरूनच चालले होते. ते साफ चुकीचं निघालं. शेंकचे नेपथ्यकार ग्युंथर श्नायडर-सीमसन यांनी झिरझिरीत पडदे आणि प्रोजेक्शन एकावर एक चढवून अशी खोली निर्माण केली आहे की झाडांमागे झाडं दिसत राहतात आणि शेवटचं झाड कुठे संपतं ते कळत नाही. 'वाल्क्यूरे'च्या शेवटी वोटान लेकीला झोपवून तिच्याभोवती आग पेटवतो. ती आग म्हणजे वाफ आणि तिच्यावर टाकलेला लाल उजेड. कसं केलंय ते मला कळतं, आणि कळूनही अंगावर काटा येतो. याच श्नायडर-सीमसननी १९६७पासून साल्झबुर्गला वाद्यवृंद-संचालक कारायानच्या 'रिंग'चं नेपथ्य केलं होतं, आणि ते चांगलंच अमूर्त होतं. म्हणजे या माणसाला नवं जमत नव्हतं म्हणून त्याने झाडं उभारली असं मुळीच नाही. त्याने आणि शेंकने ती विचार करून उभारली.

दादाच्या संचाची खरी अडचण वेगळी आहे. हा उजेड नाट्यगृहात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसाठी बांधला होता. त्या काळच्या कॅमेऱ्यांना इतका अंधार झेपलेला नाही. 'राइनगोल्ड'मधली निबेलुंगांची, म्हणजे खुज्यांची, खाण आणि 'सीगफ्रीड'चा दुसरा अंक, दोन्हीकडे चेहरे काळोखात बुडतात. मी टीव्हीचा ब्राइटनेस वाढवून पाहिला, तर अंधाराचा राखाडी चिखल झाला आणि वर दाणे दिसायला लागले. सेटिंग आहे तसंच ठेवा, खोलीतले सगळे दिवे घालवा, खिडक्यांचे पडदे ओढा आणि पाच मिनिटं थांबा. डोळे सरावले की बरंच दिसायला लागतं. चित्र दोन्ही संचांत जुन्या चौकोनी आकाराचं आहे. कडेचे काळे पट्टे घालवायला ते ताणू नका, सगळे गायक बुटके दिसतात.

आता धरणाबद्दल. दादाची सगळी नोकरी धरणांवर गेली, त्यामुळे त्याचा राग मला कधी कळलाच नव्हता. मला वाटायचं, याला तरी हे आवडायला हवं. पहिल्या रविवारी त्याने तो सांगितला. "अगं, सांडव्याच्या पायथ्याशी कोणी खेळत नाही. तिथे जीव जातो." मी म्हटलं, तिथे राखलेलं सोनं चोरीला जातं आणि पुढे त्यापायी सगळ्यांचे जीवच जातात ना. तो गप्प बसला, पटलं मात्र नाही. जॉर्ज बर्नार्ड शॉने १८९८मध्येच ही सगळी कथा भांडवल आणि कारखानदारीची म्हणून वाचली होती. म्हणजे धरणाची कल्पना शेरोने हवेतून आणलेली नाही, आठ दशकं आधीच कोणीतरी त्या दिशेला बोट दाखवलं होतं. हे दादाला सांगितल्यावर तो म्हणाला, "शॉ नाटककार होता, त्याला नदीचं काय?"

खरी कसोटी मला तिसऱ्या ऑपेरात मिळाली. शेरोच्या 'सीगफ्रीड'मध्ये दोन वस्तू आहेत ज्यांनी पारंपरिक प्रेक्षक हमखास चिडतो. एक म्हणजे तलवार घडवणारं भलंमोठं यंत्र. दुसरी म्हणजे वनपक्ष्याचा पिंजरा. अरण्यातला पक्षी पिंजऱ्यात कशाला, हा दादाचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण मागे 'वाल्क्यूरे'च्या दुसऱ्या अंकात जा. फ्रिका नवऱ्याला सुनावते की तुझा पोरगा सीगमुंड, तो तुझा स्वतंत्र वीर, मुळीच स्वतंत्र नाही, त्याच्या वाटेत तलवार तूच ठेवलीस. वोटानकडे उत्तर नसतं. त्याचा सगळा बेत तिथेच कोसळतो. आता पुढच्या पिढीतल्या, सीगमुंडच्या पोरासमोर, सीगफ्रीडसमोर आयतं यंत्र उभं आहे, वाट दाखवणारा पक्षी पिंजऱ्यात टांगलेला आहे. कोणीतरी ते आणून ठेवलंय. फ्रिकाचं म्हणणं शेरोने न बोलता डोळ्यांसमोर आणलं. नव्या मांडणीकडून मला एवढंच हवं असतं. विचित्र वस्तू खुशाल आणा, पण ती संहितेतल्या कुठल्या ओळीचं देणं फेडते ते बघणाऱ्याला सापडू द्या.

तरीही तलवार घडवण्याचा तो प्रसंग दादाच जिंकला, हे मान्य करायला हवं. त्या गाण्यात हातोड्याचे घाव वाग्नरने सुरावटीतच लिहिलेले आहेत, ते गायकाने लयीत मारायचे असतात. शेंककडे सीगफ्रीडची भूमिका करणारा गायक सीगफ्रीड येरुझालेम स्वतः ऐरणीवर घाव घालतो आणि लोखंडाचा तो आवाज थेट वाद्यवृंदात जाऊन बसतो. शेरोकडे माझं लक्ष सारखं यंत्राकडे जात होतं. माणसाच्या दंडातली ताकद तिथे कमी पडली.

'सीगफ्रीड'च्या याच पहिल्या अंकात या तुलनेतली सगळ्यात मोठी चैन आहे. मीमे हा खुजा लोहार दोन्ही 'सीगफ्रीड'मध्ये एकाच गायकाने गायला आहे, हाइन्झ झेडनिकने. दोन्हींचं कॅमेरा-दिग्दर्शनही एकाच माणसाचं, ब्रायन लार्जचं. म्हणजे गायक तोच, कॅमेऱ्यामागची नजर तीच, दिग्दर्शक तेवढा वेगळा. याहून चांगली परीक्षा कोण घेणार? बायरॉइथमधला मीमे चश्मा लावलेला, खांदे पाडून चालणारा, आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली खपलेला माणूस आहे. सीगफ्रीड तलवार घडवत असतो तेव्हा हा एका बाजूला त्याच्यासाठी विषारी काढा शिजवत असतो, अंड्यांचा काढा असं मूळ शब्दांतच आहे. चित्रण रिकाम्या नाट्यगृहात, प्रेक्षकांशिवाय झालं असल्याने कॅमेरा त्याच्या अगदी जवळ जातो. त्या चेहऱ्यावर मला दुष्टपणाआधी भीती दिसली, आणि मीमेची दया येऊ शकते हे मला तिथे कळलं. न्यूयॉर्कचा मीमे गोष्टीतला खुजा आहे, गुहेतला, केस पिंजारलेला. आवाज तितकाच धारदार, शब्द तितकेच स्वच्छ. पण हजारो लोकांसमोर, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं म्हणून तो सगळं मोठं करतो. दादाला हाच आवडतो. मला दोन्ही आवडले. पण विचाराल तर लक्षात राहिला तो चश्मेवाला.

शेरोच्या 'वाल्क्यूरे'चा दुसरा अंक सगळ्यांनी पाहावा, पारंपरिक मांडणीच्या कट्टर चाहत्यांनी तर आधी पाहावा. मधोमध एक लंबक संथ झुलत असतो. वोटानचं ते लांबलचक आत्मकथन चालू होतं, बऱ्याच सादरीकरणांत जिथे माझ्या जांभया सुरू होतात ते. इथे डोनाल्ड मॅकिंटायर ते आरशासमोर, स्वतःच्याच डोळ्यांत बघत गातो. आता फक्त शेवट हवा, असं म्हणायची वेळ येते तेव्हा तो हाताने लंबक थांबवतो. दादा टीपॉयवर वाटी ठेवायला वाकला होता, तो तसाच राहिला. पुढे सीगमुंड मरतो तेव्हा वोटान आपल्या पोराला मिठीत घेतो. पोरगा बापाला ओळखतो आणि जातो. दादाने यावर काहीच म्हटलं नाही.

शेंककडे या प्रसंगाला अशी धार नाही. त्याच्याकडे दुसरं आहे, गायकाला स्थिर उभं राहू द्यायची हिंमत. जेसी नॉर्मनची सीगलिंड पहिल्या अंकात फारशी हलत नाही, आणि हलायची गरजही नाही. मान वळवली तरी पुरतं. ख्रिस्ता लुडविगची फ्रिका, कुर्ट मोलचा हुंडिंग, मात्ती साल्मिनेनचा हागेन, असे आवाज एका जागी पुन्हा मिळणं कठीण. जेम्स मॉरिसचा वोटान लेकीचा निरोप घेतो तेव्हा मी सपशेल त्याच्या बाजूची होते. गाण्याच्या बाबतीत माझा संच इथे मागे पडतो. मान्फ्रेड युंगचा सीगफ्रीड अभिनयात जिवंत आहे, पण आवाज बारीक. वोटानची लेक ब्रुनहिल्ड गाणाऱ्या ग्वेनेथ जोन्सचा लांबवलेला सूर कधीकधी डळमळतो, मात्र शेवटच्या प्रसंगात ती अशी पेटते की मी ते सगळं विसरले. गतीतही मोठा फरक आहे. नुसत्या 'राइनगोल्ड'लाच लिवाइन बुलेझपेक्षा वीसेक मिनिटं जास्त घेतो. बुलेझचं संगीत पारदर्शक आणि चपळ, लिवाइनचं भरदार. संथपणाची सवय नसेल तर लिवाइन जड जाईल.

एक गोष्ट मला या वेळी पहिल्यांदा सुचली. मेट्रोपॉलिटनमध्ये गाण्याचं भाषांतर दाखवणारी सोय १९९५मध्ये आली. म्हणजे शेंकची 'रिंग' उभी राहिली तेव्हा जर्मन न कळणाऱ्या प्रेक्षकाला कथा फक्त डोळ्यांनी समजून घ्यायची होती. भाला मोडला की तो भालाच दिसायला हवा, आग लागली की आगच. तो 'जुनाटपणा' त्या प्रेक्षकाबद्दलचा आदर होता. आज आपल्याकडे पडद्यावर उपशीर्षकं असतात, म्हणून शेरोचा कोट घातलेला वोटान आपल्याला समजतो. दादाला हे सांगितल्यावर तो इतका खूश झाला की त्याने चहा केला.

शेवटच्या रविवारी 'ग्योटरडेमरुंग'चा तिसरा अंक लावला. शेंककडे राजवाडा खरोखर कोसळतो, नदी चढते, मागे देवांचं घर जळतं. १९९०मध्ये याच कोसळण्याच्या प्रसंगात नेपथ्याचा भाग अंगावर येऊन ब्रुनहिल्ड गाणाऱ्या हिल्डेगार्ड बेरेन्स जखमी झाल्या होत्या. ते माहीत असल्याने मी श्वास रोखूनच पाहिलं. मग माझी डिस्क. आग विझत येते, रंगमंचावर साध्या कपड्यांतली गर्दी उभी असते, आणि शेवटचे सूर चालू असताना ती माणसं हळूहळू वळून आपल्याकडे बघायला लागतात. दादाने रिमोट मागून घेतला आणि ती पाच मिनिटं पुन्हा लावली. मग उठून आपली डिस्क घातली आणि देवांचं घर पुन्हा एकदा जळताना पाहिलं.

दोन्ही संच डॉइच ग्रामोफोनचे आहेत, इंग्रजी उपशीर्षकं दोन्हींत आहेत. 'रिंग' आयुष्यात पहिल्यांदाच पाहणार असाल तर शेंकचा संच आधी घ्या. कोण कोणाचा कोण, हे तिथे एका फटक्यात कळतं. कथा ठाऊक असेल तर शेरो घ्या आणि सुरुवात 'वाल्क्यूरे'च्या दुसऱ्या अंकापासून करा. दोन्ही घेणार असाल तर आमच्यासारखं अंकाला अंक लावून बघा, फक्त 'ग्योटरडेमरुंग'च्या पहिल्या अंकाचा रविवार पूर्ण मोकळा ठेवा. प्रस्तावना धरून तो एकेका संचात दोन तासांचा आहे, आणि आम्ही संध्याकाळी सातला बसून पस्तावलो.