रेक्टर आठ महिने वापरल्यावर: जुन्या लाराव्हेल प्रोजेक्टचा अनुभव

शाळांची फी आणि प्रवेश सांभाळणारं आमचं सॉफ्टवेअर पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ७.४ आवृत्तीवर आणि तिच्यातल्या लाराव्हेल ८ या फ्रेमवर्कवर (वेब सॉफ्टवेअरचा तयार सांगाडा) अडकून पडलं होतं. ७.४ चे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबले होते. पण कोल्हापुरातलं आमचं ऑफिस तिघांचं. नव्या शाळांची कामं उरकताना अपग्रेड दरवेळी मागे पडायचं. शेवटी रेक्टर लावलं, म्हणजे पीएचपीचा जुना कोड आपोआप नव्या पद्धतीत बदलणारं टूल. आज प्रोजेक्ट लाराव्हेल १२ आणि पीएचपी ८.३ वर आहे. हे नुसत्या हातांनी आमच्याकडून झालं नसतं.

टोमाश व्होत्रुबा या चेक प्रोग्रामरने सुरू केलेलं हे मोफत टूल आहे. ते कोडचा सिंटॅक्स ट्री (कोडच्या रचनेचं झाडासारखं चित्र) बनवतं, त्यावर एकेक नियम चालवतं आणि बदललेला भाग परत लिहितं. टाइप (एखादी किंमत आकडा आहे, मजकूर आहे की कुठल्या क्लासची आहे) ओळखायला आतून पीएचपीस्टॅन हे कोड तपासणारं टूल वापरतं. त्यामुळे एकाच नावाची मेथड दोन क्लासमध्ये असली तरी नेमकी कुठली बदलायची ते त्याला कळतं. एडिटरच्या फाइंड-रिप्लेसवर एवढा भरवसा ठेवता येत नाही.

बसवायला दहा मिनिटं लागली. कंपोझरने (पीएचपीची पॅकेजेस बसवणारं टूल) घेतलं, पहिल्यांदा चालवलं, कॉन्फिग फाइल त्यानेच विचारून बनवली. पहिल्याच दिवशी मी नियमांचे सगळे सेट एकदम चालू करून ड्राय रन केलं, म्हणजे फाइल न बदलता काय बदलेल ते नुसतं पाहिलं. इतका डिफ (बदलांची यादी) आला की तो वाचणं कुणालाच शक्य नव्हतं, आणि न वाचलेला डिफ फीच्या हिशोबात घालायची माझी तयारी नव्हती. सगळं मागे घेतलं.

नंतर लेव्हल वापरल्या. टाइप, डेड कोड (न वापरला जाणारा कोड) आणि कोड क्वालिटी या तिन्हींना शून्यापासून लेव्हल देता येते; आकडा एकाने वाढवला की एक नियम वाढतो, सोपे आधी, अवघड नंतर. आम्ही दर सोमवारी एक लेव्हल चढवतो: ड्राय रन, डिफ वाचन, टेस्ट, स्वतंत्र कमिट. आठवड्याला अर्धा तास जातो. रेक्टरसाठी मी कुणाला एकच गोष्ट सांगेन, तर ती हीच.

फ्रेमवर्कचे नियम वेगळ्या रेक्टर-लाराव्हेल पॅकेजात येतात. लाराव्हेल १० मध्ये मॉडेलवरची (डेटाबेसच्या टेबलसाठीचा क्लास) डेट्स प्रॉपर्टी, म्हणजे तारखांच्या कॉलमची यादी, गेली. आमच्या सगळ्या मॉडेलमधल्या त्या तारखा एका नियमाने कास्ट्समध्ये (कुठला कॉलम कुठल्या टाइपचा ते सांगणारी यादी) नेल्या. ब्लेड फाइलना (लाराव्हेलमधले पानांचे टेम्प्लेट) मात्र रेक्टर हात लावत नाही, त्यामुळे पावत्यांचे सगळे टेम्प्लेट आम्ही स्वतः तपासले. लाराव्हेल ९ मध्ये मेल पाठवणाऱ्या स्विफ्ट मेलरच्या जागी सिम्फनी मेलर आला, तेव्हा मेलचा आमचा जुना कोडही हातानेच लिहावा लागला.

एकदा जोरात ठेच लागली. फाइलच्या माथ्यावर स्ट्रिक्ट टाइप्स (चुकीचा टाइप आला तर तो आपोआप न बदलता एरर द्या, ही सूचना) घालणारा नियम मी सगळ्या प्रोजेक्टवर चालवला. सगळ्या टेस्ट हिरव्या. जूनमध्ये, ऐन प्रवेशाच्या दिवसांत, एका शाळेच्या फी काउंटरवर विलंब शुल्काचं पान उघडेना. कारण नंतर सापडलं: मायएसक्यूएल या आमच्या डेटाबेसमधला डेसिमल कॉलम पीएचपीत ‘450.00’ अशी स्ट्रिंग (मजकूर) म्हणून येतो. पूर्वी तो आपोआप फ्लोट (दशांश आकडा) व्हायचा. स्ट्रिक्ट झाल्यावर टाइप एरर. आमच्या टेस्ट एसक्यूलाइट या दुसऱ्या, छोट्या डेटाबेसवर चालायच्या, आणि तिथे तोच कॉलम सरळ आकडा देतो. नियमाने सांगितलं तेच केलं होतं. टेस्टचा डेटाबेस वेगळा ठेवण्याचा निर्णय माझा होता. रांगेत उभ्या पालकांना ताटकळावं लागलं, त्याचं वाईट अजूनही वाटतं. दुसऱ्या दिवसापासून टेस्ट मायएसक्यूएलवर चालतात, आणि पैशाच्या गणिताचं फोल्डर आम्ही त्या नियमातून वगळलंय.

आणखी एक. बदललेल्या ओळींची मांडणी बऱ्याचदा विस्कटते, लांब मेथड चेन एका ओळीत येते. रेक्टरनंतर लगेच पिंट (लाराव्हेलचं कोडची मांडणी नीट करणारं टूल) चालवायचं, म्हणजे डिफ वाचण्याजोगा होतो.

आता सीआयमध्ये (प्रत्येक बदलानंतर आपोआप होणारी तपासणी) ड्राय रन कायमचं आहे. काही बदलायचं शिल्लक असेल तर बिल्ड लाल होतं. सहा महिन्यांपूर्वी आलेली आमची नवी सहकारी त्या लाल बिल्डमधूनच मॅच एक्स्प्रेशन आणि रीडओन्ली प्रॉपर्टी या पीएचपी ८ मधल्या नव्या सोयी शिकली. टाइपची लेव्हल सध्या ३१ आहे. येत्या सोमवारी ३२.